हिर्डोशीच्या पोरांनी ट्रॅप का खेळू नये?

भोरहून महाडला निघालं की निगुडघरच्या पुढं रस्ता नीरा-देवघर धरणाच्या पाण्याला धरून चालतो. हिर्डोशी याच वाटेवर, वरंध घाटाच्या अलीकडं. शिवकाळात हा हिरडस मावळ, बांदल देशमुखांचा मुलूख. जुलै 1660 मध्ये बाजीप्रभू देशपांड्यांबरोबर घोडखिंड अडवून उभे राहिले ते इथले बांदल. शाळेच्या पुस्तकात हा भाग तेवढ्यापुरता येतो आणि मग थेट धरणांच्या यादीत येतो. पावसाळ्यात घाट वाहतुकीला बंद होतो, दिवाळीच्या सुमाराला भाताची कापणी चालू असते, आणि शिकलेली पोरं पुण्याच्या वाटेला लागलेली असतात.

या खोऱ्यात बंदूक म्हटलं की दोन गोष्टी पटकन आठवतात. एक, पिकात घुसणारी रानडुकरं आणि त्यांच्यासाठी कुणाच्या तरी घरी असलेली परवान्याची बंदूक. दुसरी, फौजेत गेलेला मुलगा. बंदुकीचा तिसराही एक उपयोग आहे, तो म्हणजे खेळ. त्यातही मला ज्या प्रकाराबद्दल लिहायचं आहे तो ट्रॅप, म्हणजे हवेत उडालेली तबकडी बारा बोअरच्या बंदुकीनं फोडण्याचा. या खेळात गेल्या काही वर्षांत भारतानं मोठी मजल मारली. ती मजल मारणाऱ्यांत कोण होतं, हे मावळातल्या आईबापांनी आणि शिक्षकांनी नीट पाहावं म्हणून हा लेख.

1 ऑक्टोबर 2023 ला चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष संघानं ट्रॅपचं सुवर्ण जिंकलं. कायनन चेनाय 122, झोरावर सिंग संधू 120, पृथ्वीराज तोंडैमान 119. प्रत्येकी 125 तबकड्यांपैकी. तिघांची बेरीज 361. चेनायनं वैयक्तिक कांस्यही घेतलं. त्याच दिवशी महिला संघानं रौप्य मिळवलं: मनीषा कीर 114, प्रीती रजक 112, राजेश्वरी कुमारी 111, एकूण 337. पुरुषांच्या सुवर्णाचे मथळे मोठे झाले, आणि ते योग्यच होतं. पण मला त्या दिवसाची खरी बातमी महिला संघात दिसते. ती कळायला आधी हा खेळ काय आहे ते पाहायला हवं.

ऑलिंपिकच्या ट्रॅपमध्ये नेमबाज एका ओळीतल्या पाच जागांवरून आळीपाळीनं बार टाकतात. त्यांच्या पुढं 15 मीटरवर जमिनीत एक लांब खंदक असतो. खंदकात 15 यंत्रं, प्रत्येक जागेसमोर तीन. नेमबाजानं बंदूक खांद्याला लावून आवाज दिला की तो आवाज मायक्रोफोननं पकडला जातो आणि त्याच्यासमोरच्या तीन यंत्रांपैकी एकातून तबकडी सुटते. कुठल्या यंत्रातून, हे त्याला आधी माहीत नसतं. डावीकडं किंवा उजवीकडं 45 अंशांपर्यंत, कधी जमिनीला लागून तर कधी उंच, अशी ती त्याच्यापासून दूर पळते. तबकडी 110 मिलिमीटर व्यासाची, वजनाला साधारण 105 ग्रॅम, डांबर आणि चुनखडीच्या भुकटीची. कुणी मारली नाही तर ती 76 मीटरवर जाऊन पडते. पण चांगला नेमबाज पहिला बार अर्ध्या-पाऊण सेकंदात टाकतो. पहिला हुकला तर प्राथमिक फेरीत दुसऱ्या नळीचा बार टाकायची मुभा असते. अंतिम फेरीत एकच. 25 तबकड्यांची एक फेरी, अशा पाच फेऱ्या, मिळून 125.

रायफलमध्ये नेमबाज श्वास रोखतो, शरीर दगडासारखं स्थिर करतो आणि मगच चाप ओढतो. ट्रॅपमध्ये सगळं शरीर कमरेपासून वळतं, दोन्ही डोळे उघडे असतात आणि नजर नळीवर न राहता तबकडीवर राहते. तबकडी जिथं आहे तिथं बार टाकला तर छर्रे तिच्या मागून जातात. ती जिथं पोचणार आहे तिथं टाकावा लागतो. ती किती पुढं, याचं गणित मांडायला वेळ नसतो. हजारो बार टाकून ते अंगात मुरतं. म्हणून या खेळात काडतुसं मोजून देणाऱ्याचा मुलगा फार पुढं जात नाही, आणि इथंच या खेळाच्या इतिहासाचं मूळ आहे.

तबकडीच्या आधी या खेळात जिवंत कबुतरं सोडत. तबकडी आल्यानंतरही, 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, ती मारली गेली. कबुतरांच्या जागी आधी काचेचे गोळे आले, आणि 1880 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीनं मातीच्या तबकडीचा शोध लावला. भारतात हा खेळ संस्थानिकांच्या शिकारीच्या छंदातून आला. बिकानेरचे महाराजा करणी सिंग 1962 मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदकापर्यंत पोचले, आणि 1960 ते 1980 या काळात पाच ऑलिंपिक खेळले. दिल्लीत तुघलकाबादला 1982 च्या आशियाई स्पर्धेसाठी बांधलेली रेंज त्यांच्याच नावाची आहे. पटियाळाच्या घराण्यातले रणधीर सिंग यांनी 1978 मध्ये बँकॉकला ट्रॅपचं आशियाई सुवर्ण जिंकलं. पुढं मानशेर सिंग आले. मानवजीत सिंग संधू 2006 मध्ये झाग्रेबला जगज्जेते झाले. फौजेतून राज्यवर्धन सिंग राठोड आले आणि अथेन्सला 17 ऑगस्ट 2004 रोजी डबल ट्रॅपमध्ये 200 पैकी 179 तबकड्या फोडून त्यांनी रौप्य आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक रौप्य. हांगझोऊच्या संघातले पृथ्वीराज पुदुकोट्टईच्या राजघराण्यातले, राजेश्वरी पटियाळाच्या, म्हणजे रणधीर सिंगांच्याच कन्या. मी हे कमीपणा दाखवायला सांगत नाही. या घराण्यांनी काडतुसांचा आणि परदेशी सरावाचा खर्च पिढ्यान्पिढ्या स्वतःच्या खिशातून केला, म्हणून भारतात हा खेळ टिकला. पण इतकी वर्षं तो त्याच अंगणात राहिला हेही खरं.

आता महिला संघाकडं पाहा. मनीषा कीर भोपाळजवळच्या गोरेगाव या खेड्यातली. वडील मासेमारी करणारे. भोपाळच्या मोठ्या तलावावर घर चालायचं आणि मनीषाही त्या कामात हातभार लावायची. मध्य प्रदेश सरकारनं भोपाळला नेमबाजीची अकादमी काढली. तिथं मुलांची पारख होत असताना ही मुलगी निवडली गेली आणि तिला शिकवायला मानशेर सिंगांसारखा ऑलिंपिक खेळलेला माणूस होता. 2018 मध्ये दक्षिण कोरियातल्या चांगवॉनला जागतिक स्पर्धेत ज्युनियर मुलींच्या ट्रॅपमध्ये तिनं रौप्य मिळवलं. प्रीती रजक इटारसीची. तिच्या वडिलांचं कपडे ड्रायक्लीनिंगचं दुकान. तीही याच अकादमीची. डिसेंबर 2022 मध्ये खेळाडू म्हणून ती हवालदार पदावर लष्करात भरती झाली आणि हांगझोऊच्या पदकानंतर 2024 मध्ये सुभेदार झाली. भारतीय लष्करातली ती पहिली महिला सुभेदार.

म्हणजे हांगझोऊच्या त्या संघात पटियाळाच्या राजघराण्यातली मुलगी, मच्छीमाराची मुलगी आणि ड्रायक्लीनिंगवाल्याची मुलगी एका ओळीत उभ्या राहून बार टाकत होत्या. आणि तिघींत सर्वांत जास्त तबकड्या मच्छीमाराच्या मुलीनं फोडल्या. हिर्डोशीच्या पाण्याकाठी राहणाऱ्या माणसाला याहून वेगळा पुरावा कशाला हवा? नजर, चपळाई, न घाबरणं हे गुण भोपाळच्या तलावावर पिकतात आणि नीरेच्या काठी पिकत नाहीत, असं कुणी म्हणणार नाही. फरक पडला तो अकादमीनं. घराजवळ रेंज होती, बंदूक सरकारची होती, काडतुसं सरकारची होती, राहायला वसतिगृह होतं आणि शिकवणारा जाणकार होता.

यावर कुणी म्हणेल, महाराष्ट्रात नेमबाजीचं काय कमी आहे? काहीच कमी नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न जास्त बोचतो. रायफल आणि पिस्तुलात या राज्यानं देशाला जे दिलं त्याला तोड नाही. मुंबईत वरळीच्या रेंजवर संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली एनसीसीतून आलेल्या मुली तयार झाल्या. अंजली वेदपाठक-भागवत 2000 मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली आणि 2002 मध्ये जगात पहिल्या क्रमांकावर गेली. सुमा शिरूरनं 2004 मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत 400 पैकी 400 गुण घेतले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं 8 ऑगस्ट 2010 ला म्युनिकमध्ये 50 मीटर प्रोनमध्ये 600 पैकी 597 गुण घेऊन जगज्जेतेपद मिळवलं. नेमबाजीत जगज्जेती होणारी ती पहिली भारतीय महिला. कोल्हापूरच्याच राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण आणलं. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोला जगज्जेता झाला.

आणि स्वप्नील कुसाळे. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी हे त्याचं गाव. डोंगर, पाऊस आणि भातशेती यांत ते हिर्डोशीपेक्षा फार वेगळं नाही. वडील शिक्षक. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून तो नाशिकला गेला, तिथं त्यानं नेमबाजी निवडली, 2015 मध्ये मध्य रेल्वेत नोकरीला लागला, बालेवाडीला सराव केला, दीपाली देशपांडे यांनी त्याला घडवलं. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांसह त्यानं कांस्य जिंकलं. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूनं मिळवलेलं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

वर ट्रॅपमधली जी मोठी नावं आली, त्यांत एकही मराठी नाव नाही. रायफलमध्ये जगज्जेते देणाऱ्या राज्याला शॉटगनमध्ये, म्हणजे छर्ऱ्यांच्या या बंदुकीत, हे का जमू नये? माझ्या मते कारण अगदी साधं आहे. एअर रायफलला दहा मीटरची खोली पुरते. शाळेचा हॉल, जुनं गोदाम, कॉलेजचा तळमजला, कुठंही रेंज उभी राहते. छर्रा स्वस्त असतो आणि एअर रायफलनं सुरुवात केलेला मुलगा पुढं पन्नास मीटरकडं वळतो. ट्रॅपला असा छोटा दरवाजा नाही. पहिल्या दिवसापासून खरी बारा बोअर बंदूक, खरं काडतूस, खंदक आणि समोर अडीचशे-तीनशे मीटर निर्मनुष्य मोकळं रान लागतं. पुण्या-मुंबईत ते रान परवडत नाही, आणि जिथं रान आहे तिथल्या लोकांना हा खेळ माहीत नाही.

भारतातल्या नेमबाजीच्या पायाशी मात्र एक मराठी माणूस आहे. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना 1951 मध्ये स्थापन झाली ती गणेश वासुदेव मावळणकर यांच्या पुढाकारानं. लोकसभेचे ते पहिले सभापती. घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचं, कर्मभूमी अहमदाबाद. नेमबाजी हा साध्या नागरिकांचा खेळ व्हावा ही त्यांची इच्छा होती. आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवर देशभरच्या अनेक नेमबाजांना अखिल भारतीय मावळणकर स्पर्धा ओलांडावी लागते, आणि त्यात शॉटगनही असते. बिकानेरचा असो की भोपाळचा, ‘मावळणकर खेळलो’ असं प्रत्येक नेमबाज सांगतो. ज्या माणसाचं नाव घेऊन हे सगळे पुढं जातात, त्याच्या मुलखातल्या पोरांना शॉटगन हातात धरायची सोय असावी, ही मागणी जास्त नाही.

आता काडतुसांकडं येतो, कारण खरी अडचण तिथं आहे. दिवसाला शंभर तबकड्या हा गंभीर नेमबाजाच्या दृष्टीनं मध्यम सराव. प्रत्येक तबकडीला किमान एक काडतूस, हुकली तर दोन. वर्षातले अडीचशे दिवस धरले तर पंचवीस हजार काडतुसं. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न भात, नाचणी आणि दुधावर चालतं त्या घरानं हे परवडवायचं कसं? स्वतःची इटालियन दुनळी घेणं तर दूरच. कायदा मात्र लोक समजतात तितका आडवा येत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात आणि 2016 च्या शस्त्र नियमांत नेमबाज खेळाडूंसाठी वेगळी तरतूद आहे. कनिष्ठ नेमबाज हा स्वतंत्र वर्ग मानला आहे, त्यांना प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली रेंजवर सराव करता येतो. ठरावीक पात्रता गुण मिळवले की बंदूक आणि काडतुसांची सवलत वाढत जाते. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करावी लागतात, तेव्हाही संघटनेच्या नोंदणीकृत खेळाडूंना सूट मागता येते. ही माहिती खेड्यात पोचलेली नाही. तिथं अजून परवाना म्हणजे पिकाची राखण, नाहीतर गावातला दरारा. हा दरारा मला मुळीच नको आहे. खेळाची बंदूक रेंजवर राहते, कपाटात कुलपाखाली राहते, आणि ती वापरणारं पोर नळी कायम जमिनीकडं किंवा आभाळाकडं ठेवायला शिकतं. लग्नाच्या वरातीत बार उडवणाऱ्या माणसाला ट्रॅपच्या रेंजवर कुणी पाऊल टाकू देणार नाही.

हिर्डोशीच्या पोरांनी ट्रॅप खेळावा, मग रेंज हिर्डोशीलाच का नको? डोंगर आहे, मोकळं माळरान आहे, वस्ती विरळ आहे. पुढाऱ्याला हे सुचायला वेळ लागणार नाही, म्हणून आधीच सांगतो: इथं रेंज होता कामा नये.

नियमानुसार एका काडतुसात 24 ग्रॅमपर्यंत छर्रे असतात आणि ते बहुतेक शिशाचे. शंभर काडतुसं म्हणजे दिवसाला 2.4 किलो शिसं. अडीचशे दिवसांचे 600 किलो. हे एका नेमबाजाचं, एका वर्षाचं. वीस पोरं शिकू लागली तर वर्षाला बारा टन शिसं समोरच्या रानात पडेल. ते तिथंच राहतं. जोरदार पाऊस आणि आम्ल माती असेल तर हळूहळू विरघळून पाण्यात उतरतं. पक्षी ते खडे समजून गिळतात. लहान मुलांच्या शरीरात शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. युरोपीय संघानं फेब्रुवारी 2023 पासून पाणथळ जागी आणि तिच्या आसपास शिशाच्या छर्ऱ्यांना बंदी केली आहे. फुटलेल्या तबकड्यांमधलं डांबरही निरुपद्रवी नसतं.

आणि भोर-वेल्हे म्हणजे काय, तर पाण्याचं कोठार. नीरा-देवघर, भाटघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव. पुणे शहराचं पिण्याचं पाणी यांतल्या काही धरणांतून जातं. नीरेचं पाणी खाली वीर धरणातून आणि कालव्यांतून फलटण-माळशिरसपर्यंतची शेती भिजवतं. या धरणांसाठी मावळातल्या लोकांनी घरं आणि भातखाचरं दिली. खाली पाणी पोचवण्यासाठी ज्यांनी जमीन गमावली, त्यांच्याच माथ्यावर शिसं ओतायचं, हे कुठल्याही पदकासाठी मान्य होणार नाही. पदकावर माझा कितीही जीव असला तरी या बाबतीत तडजोड नाही.

रेंज पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला व्हावी. शिरूर, दौंड, बारामती, पुरंदर या बाजूला पाऊस कमी आहे, पडीक सपाट माळ आहेत, आणि ओढ्या-विहिरींपासून दूर जागा शोधता येते. छर्रे पडतात तो पट्टा आधीच आखून घ्यावा, पावसाचं पाणी तिथून बाहेर वाहू नये म्हणून बांध घालावेत, आणि ठरावीक वर्षांनी माती चाळून शिसं काढून घ्यावं. जगातल्या चांगल्या रेंजवर असं शिसं परत काढलं जातं आणि विकलंही जातं. नियमांत शिशाशिवाय दुसऱ्या मान्य धातूच्या छर्ऱ्यांनाही जागा आहे. नवी रेंज बांधताना सरावासाठी तेच ठरवता आले तर उत्तम.

पोरं मात्र मावळातून घ्यावीत. क्रीडा प्रबोधिनीची चाचणी भोरला आणि वेल्ह्याला घ्यावी, नुसती जिल्ह्याच्या ठिकाणी नको. हिर्डोशी, शिरगाव, वारवंड अशा गावांतल्या मुलाला सकाळच्या चाचणीसाठी पुण्याला पोचायचं म्हणजे आदल्या दिवशी निघावं लागतं, आणि मुलीला तर कुणीतरी सोबत लागतं; तिथंच निम्मी पोरं गळतात. शॉटगनची पारख करायला बंदूकही लागत नाही. उडत्या वस्तूचा माग काढणारी नजर, खांद्याची ताकद, दोन्ही डोळ्यांतला प्रबळ डोळा कोणता आणि हुकल्यानंतर पुढच्या वेळी चेहरा कसा राहतो, एवढं शाळेच्या मैदानावर पाहता येतं. हुकण्याचा मुद्दा फार मोठा आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका यांचं मिश्र स्कीटमधलं, म्हणजे तबकड्यांच्याच दुसऱ्या एका प्रकारातलं, कांस्य 43 विरुद्ध 44, म्हणजे एका तबकडीनं गेलं. शंभर-दीडशे बार सारख्या मनानं टाकण्याचं शिक्षण लहानपणीच सुरू व्हायला हवं.

सरकारकडं मागायचं ते इतकंच आहे: एक रेंज, वसतिगृहात वीस पोरांची जागा, सरकारी बंदुका, काडतुसांसाठी दरवर्षीची निश्चित तरतूद आणि ऑलिंपिक पातळीचा एक प्रशिक्षक. मध्य प्रदेशनं हे 2007 पासून करून दाखवलं आहे, आणि त्याचा हिशोब हांगझोऊच्या गुणफलकावर आहे. पुणे जिल्ह्याच्या नियोजन समितीनं आणि राज्याच्या क्रीडा विभागानं तो पाहावा. भोर-वेल्ह्यातल्या शिक्षकांनी, सरपंचांनी आणि पुण्यात स्थिरावलेल्या मावळच्या मंडळींनी तालुका क्रीडा अधिकाऱ्याकडं जाऊन विचारावं की पुढची प्रबोधिनीची चाचणी भोरला कधी घेणार. उत्तर लेखी मागावं.